माझ्या व्हिटावर चालतो, मित्राच्या व्हिटावर बसत नाही : लाँचरचं पॅकेज बांधताना

फोंड्याहून एका विद्यार्थ्यानं विचारलंय, ते थोडक्यात असं. त्यानं आणि कॉलेजातल्या तिघा मित्रांनी मिळून मॉड केलेल्या पीएस व्हिटासाठी, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅमही चालतील असं बदललेल्या सोनीच्या हातातल्या गेम मशीनसाठी, पाच छोटे गेम लिहिले. ते पाचही, आणि मशीनवर आधीपासून असलेला रेट्रोआर्च हा जुन्या मशीनांचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, एकाच पडद्यावरून सुरू करता यावेत म्हणून त्यानं स्वतःचा लाँचर बांधला. त्याच्या व्हिटावर तो महिनाभर नीट चालतोय. पण व्हीपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची एकच फाइल, करून मित्रांना दिला, तर पहिल्याकडे इन्स्टॉल होतानाच ८०१०११३डी या आकड्याची एरर आली. दुसऱ्याकडे बसला, पण त्याचा आधीचा एक होमब्रू (हौशी लोकांनी लिहिलेला) गेम गायब झाला. तिसऱ्यानं यादीत मराठी नावं घातली, तर अक्षरं फुटली. वर सगळ्यांचं एकच म्हणणं, "गेम आतच घालून दे ना, एकच फाइल बरी पडते."

बाबा, तू लिहितोस की तुझ्या मशीनवर तो 'व्यवस्थित इन्स्टॉल होतो'. माझा अंदाज असा की होत नाही. महिनाभरात तू तो इन्स्टॉल केलेलाच नाहीस.

तू काय करत असशील ते सांगतो, कारण आम्ही सगळे तेच करतो. पहिल्या दिवशी नमुना प्रोजेक्टातला व्हीपीके व्हिटाशेल या फाइल मॅनेजरमधून एकदा बसवला. मग रोज नवी बिल्ड झाली की व्हिटाशेलमध्ये सिलेक्ट दाबून एफटीपी (वायफायवरून फाइली पाठवायची सोय) चालू करायचं, १३३७ या पोर्टवर लॅपटॉप जोडायचा आणि अ‍ॅपच्या फोल्डरातली ईबूट, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमची फाइल, तेवढी बदलायची. दहा सेकंदांचं काम, आणि त्यात गैर काहीच नाही. मधल्या काळात तू सुंदर आयकॉन केलास, लाइव्हएरियाची, म्हणजे अ‍ॅप उघडण्याआधीच्या पडद्याची, पार्श्वभूमी केलीस, पॅरॅम एसएफओ या अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलीत नाव बदललंस. हे सगळं लॅपटॉपवरच्या व्हीपीकेत गेलं, पण तुझ्या व्हिटानं ते कधी तपासलंच नाही. तपासणी होते ती इन्स्टॉलच्या शेवटच्या पायरीला, फक्त तिथे. तुझ्या मित्राचा व्हिटा हा तुझं पॅकेज खऱ्या अर्थानं बसवून पाहणारा पहिला व्हिटा होता.

(फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. मशीनवर ती रोमनमध्ये, स्पेलिंग चोख ठेवून टाक.)

८०१०११३डी ही एरर चित्रांची. व्हिटाचा इन्स्टॉलर पीएनजीच्या बाबतीत फार सोवळा आहे. त्याला आठ-बिट इंडेक्स्ड पीएनजी लागते, म्हणजे जास्तीत जास्त २५६ रंगांची पॅलेट असलेली. फोटो एडिटरमधून सरळ 'सेव्ह' केलेलं चित्र २४ किंवा ३२ बिटांचं निघतं, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि व्हिटा ते नाकारतो. मापंही ठरलेली : आयकॉन १२८ × १२८, लाइव्हएरियाची पार्श्वभूमी ८४० × ५००, 'स्टार्ट'च्या जागी दिसणारं चित्र २८० × १५८. एक पिक्सेल इकडेतिकडे नको. पीएनजीक्वांट हे फुकटचं टूल २५६ रंगांवर आणून देतं. ते बिल्ड स्क्रिप्टमध्येच घाल, म्हणजे कुणी कितीही घाईत नवं चित्र टाकलं तरी ते पॅकेजमध्ये शिरण्याआधी गाळणीतून जातं. हाताने करायचं ठरवलंस तर तिसऱ्या वेळी विसरशील. मी विसरलोय. आयकॉन होम स्क्रीनवर गोल कापून दिसतो हेही ध्यानात ठेव. कोपऱ्यात लिहिलेलं तुमच्या चौघांचं नाव कुणालाच दिसणार नाही.

चित्रं बरोबर असूनही बसत नसेल तर व्हीपीके उघडून बघ. व्हीपीके म्हणजे एक्स्टेन्शन बदललेली झिप, दुसरं काही नाही. ईबूट ही फाइल आणि चित्रांचं एससीई-सिस हे फोल्डर, दोन्ही झिपच्या अगदी वरच्या पातळीला हवीत. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केली की आत आधी तो फोल्डर आणि मग त्याच्या पोटात सगळं, असं होतं. व्हिटाएसडीके या प्रोग्रॅम लिहायच्या साधनसंचाचं स्वतःचं पॅकिंग टूल वापरलंस तर हा प्रश्न येत नाही. हाताने झिप करणाऱ्यांकडूनच ही चूक होते.

आता दुसरा मित्र. त्याचा गेम 'गायब' झाला नाही, तुझ्या लाँचरनं त्याची जागा घेतली.

व्हिटावरच्या प्रत्येक अ‍ॅपला नऊ अक्षरी टायटल आयडी असतो. पद्धत अशी की पहिली चार मोठी रोमन अक्षरं आणि पुढे पाच आकडे. व्हिटाशेल आणि रेट्रोआर्च यांचे आयडी नऊच्या नऊ अक्षरांचे आहेत, आकडा एकही नाही, पण ती जुनी मानकरी मंडळी. आपण रिवाज पाळावा. मशीनच्या लेखी अ‍ॅपचं नाव, चित्र, लेखक यांना किंमत नाही. आयडी एकच असेल तर ते एकच अ‍ॅप. व्हिटाएसडीकेच्या नमुना प्रोजेक्टांचे आयडी 'व्हीएसडीके' या चार अक्षरांनी सुरू होतात. तू तो तसाच ठेवलास, आणि तुझ्या मित्राकडचा तो गेम ज्यानं लिहिला त्यानंही तसाच ठेवला होता. दोघांनी एकाच घराच्या किल्ल्या करून घेतल्या म्हण ना.

तेव्हा चार अक्षरं तुमच्या गटाची म्हणून ठरवा आणि ती पुन्हा कधी बदलू नका. पीसीएस या तीन अक्षरांपासून दूर राहा; विकत मिळणाऱ्या गेमांचे आयडी त्यांनीच सुरू होतात. चार अक्षरं ठरली की पुढचे पाच आकडे तुमच्या हिशेबाचे, लाँचरला ००००१, पहिल्या गेमला ००००२, असे. एका वहीत लिहून ठेवा. चेष्टा नाही करत. चौघं जण चार लॅपटॉपवर काम करत असाल तर 'पुढचा मोकळा आकडा कुठला' हे कुठेतरी एका जागी असावं लागतं.

आयडी बदलू नका म्हणतो त्यालाही कारण आहे. नवी आवृत्ती त्याच आयडीनं आली तर जुन्या बबलच्या (होम स्क्रीनवरच्या गोल आयकॉनच्या) जागी बसते. वेगळ्या आयडीनं आली तर शेजारी दुसरा बबल, आणि लोक महिनोन्‌महिने जुनाच उघडत बसतात. आवृत्तीचा आकडा बदलायची जागा वेगळी आहे, अ‍ॅप-व्हर्जन, 'शून्य एक, टिंब, शून्य शून्य' अशा पाच खुणांच्या साच्यातली. तिथे प्रत्येक वेळी आकडा वाढव. मित्र फोनवर 'चालत नाही' म्हणेल तेव्हा तुझा पहिला प्रश्न 'कुठली आवृत्ती?' हाच असणार, आणि त्याला ते मशीनवर वाचून सांगता आलं पाहिजे.

सेव्ह कुठे ठेवतोस हे तू लिहिलेलं नाहीस. म्हणून माझी एक गोष्ट ऐक.

काही वर्षांपूर्वी मी एक गेम आणि त्याचा छोटा लाँचर केला होता. सेव्ह मी अ‍ॅपच्याच फोल्डरात लिहीत होतो, सगळं एका जागी, आवरायला सोपं. चवथीला आम्ही पेडण्याला मूळ घरी जमतो. माटोळी बांधून झाली, मोठी माणसं आरतीच्या तयारीत, आणि ओसरीवर पुतण्या, भाचे, शेजारची दोन पोरं अशी रांग लावून एका व्हिटावर तो गेम खेळत होती. प्रत्येकाचा वेगळा सेव्ह. दोन दिवसांत धाकट्या भाच्यानं शेवटून दुसरी पातळी गाठली होती. मला त्यात एक बग दिसला, रात्री बसून दुरुस्त केला. सकाळी मला म्हापशाला दुकान उघडायला यायचं होतं, म्हणून नवा व्हीपीके पुतण्याच्या लॅपटॉपवर टाकून निघालो. दुपारी त्याचा फोन, "काका, बसत नाही." मी गिऱ्हाइकाचा फोन उघडून बसलेला, घाईत सांगितलं, "बबल काढून टाक आणि परत बसव." त्यानं काढला. बसवला. चालला.

बबल काढला की व्हिटा त्या अ‍ॅपचं अख्खं फोल्डर पुसतो. तसं तो विचारतो, 'संबंधित सगळा डेटा जाईल', पण काकानं सांगितलंय म्हटल्यावर कोण वाचतो! संध्याकाळी पोचलो तर भाचा माझ्याशी बोलेना. नेवऱ्यांचं ताट समोर आणि हा भिंतीकडे तोंड करून. पाच दिवसांची चवथ, विसर्जनापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

म्हणून : अ‍ॅपचं फोल्डर हे फक्त वाचायचं, असं समजून चाल. प्रोग्रॅम, चित्रं, फॉन्ट, आवाज तिथे. खेळणाऱ्याच्या हातून जे निर्माण होतं, म्हणजे सेव्ह, सेटिंग, आवडत्या गेमांची यादी, ते यूएक्स-झिरोच्या (म्हणजे मेमरी कार्डाच्या) डेटा फोल्डरात, तुमच्या नावाच्या उपफोल्डरात. बबल गेला तरी ते राहतं. लाँचर पहिल्यांदा उघडताना ते फोल्डर आहे का बघायचं, नसलं तर करायचं, आणि असलं तर आतल्या कशालाही हात लावायचा नाही. नव्या आवृत्तीत सेटिंगच्या फाइलचा साचा बदलला तर जुनी फाइल वाचून नवी लिही, आणि जुनी लगेच पुसू नकोस.

आता 'एकच फाइल'चा आग्रह. मित्र तसे चुकीचे नाहीत, फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. तुमचे पाच गेम तुमचे आहेत, ते खुशाल आत घाला. त्याचा चांगला मार्गही आहे. प्रत्येक गेमची ईबूट वेगळ्या नावानं त्याच पॅकेजमध्ये ठेवायची आणि लाँचरनं सिस्टिमच्या लोड-एक्झेक या फंक्शननं तिला आपल्या जागी बोलवायचं. लाँचर उतरतो, गेम चढतो. गेम संपला की त्याच वाटेनं लाँचर परत. बबल एकच, आयडी एकच. रेट्रोआर्च व्हिटावर आपले वेगवेगळे कोअर (जुन्या मशीनांसाठीचे वेगवेगळे प्रोग्रॅम) असेच बदलतो. यात एक अडचण आहे. पॅरॅम एसएफओ सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे एखाद्या गेमला जास्त मेमरी हवी म्हणून तू अ‍ॅट्रिब्यूट-टू मध्ये १२ घातलंस, ज्यानं साधारण १०९ एमबी वाढवून मिळते, तर ती मागणी अख्ख्या पॅकेजची होते. पाच छोट्या टूडी गेमांना त्याची गरज पडू नये. पडत असेल तर आधी आपण टेक्श्चर मोकळी करतोय का ते तपास.

मशीनवर वेगळ्या बसलेल्या अ‍ॅपला, म्हणजे रेट्रोआर्चला, सुरू करायची पद्धत निराळी. तिथे अ‍ॅप मॅनेजरला एक यूआरआय, म्हणजे पत्त्यासारखी एक ओळ, द्यायचा, 'पीएसजीएम प्ले' आणि पुढे त्या अ‍ॅपचा टायटल आयडी. रेट्रोआर्चला त्यालाच जोडून कोअरचा आणि गेमच्या फाइलचा पत्ताही देता येतो, म्हणजे मेनूत न शिरता थेट गेम उघडतो. यूआरआय दिला की तुझ्या लाँचरनं लगेच स्वतः बंद व्हायचं. व्हिटा अशी दोन अ‍ॅप एकाच वेळी उघडी ठेवत नाही. तू बंद झाला नाहीस तर वापरणाऱ्याला 'आधीचं बंद करू का?' हा प्रश्न दर वेळी दिसणार. आणि यूआरआय देण्याआधी ते अ‍ॅप मशीनवर आहे का बघ. नसेल तर यादीत ती ओळ फिकी दाखव. दाबल्यावर काहीच न होणं याच्याइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही.

दुसऱ्यांचे गेम मात्र आत घालायचे नाहीत, आणि इथे मी घासाघीस करत नाही. कायद्याचं म्हणशील तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-अ आलं : हक्कभंग करायच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या मशीनवर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवणं आणि दुसऱ्याचे गेम पिशवीत भरून वाटणं यांत फरक करायला तो शब्द तिथे आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारागिरीच्या बाजूनं बघ. या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली कामं रिकाम्या डब्यासारखी वाटली जातात. २०२१ मध्ये द फ्लो या डेव्हलपरनं जीटीए सॅन अँड्रियासची अँड्रॉइड आवृत्ती व्हिटावर चालवणारा लोडर काढला, त्यात गेमचं काहीही नव्हतं. तुमच्याकडच्या विकत घेतलेल्या प्रतीतल्या फाइली तुम्ही आणून ठेवायच्या. त्यामुळे पॅकेज लहान राहतं, लोडर पुन्हा पुन्हा सुधारून देता येतो आणि गेमच्या फाइली दर वेळी ओढाव्या लागत नाहीत.

हीच गोष्ट शेडर कंपायलरची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम तयार करणाऱ्या फाइलीची. व्हिटाजीएल ही थ्रीडी लायब्ररी वापरून काही केलं असशील तर तुझ्या मशीनच्या यूआर-झिरो या आतल्या कप्प्यात लिबशॅकसीजी नावाची फाइल आहे. ती सोनीची आहे, म्हणून व्हिटाजीएलवर बांधलेली प्रामाणिक पॅकेजं ती सोबत देत नाहीत. प्रत्येकानं आपल्या मशीनवर ती एकदा काढून घ्यायची असते. तुझ्याकडे ती कधीची पडून आहे म्हणून तुला पत्ताच नाही की तुझा लाँचर तिच्यावर टेकलाय. तिसऱ्या मित्राकडे ती नसती तर काळा पडदा आणि सी२-१२८२८-१ हा कोड, एवढंच दिसलं असतं. सुरू होताना फाइल आहे का बघ, नसेल तर साध्या अक्षरात तसं सांग आणि बाहेर पड. खरं तर पाच ओळींच्या यादीला थ्रीडी लायब्ररी लागतेच कशाला? व्हिटाटूडी या साध्या टूडी लायब्ररीवर भागतं.

गेमांच्या खोक्यांवरची चित्रंही पॅकेजमध्ये नकोत. ज्याला हवी त्यानं आपल्या डेटा फोल्डरात टाकावीत, तू फक्त ती जागा वाच.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. ईबूट बनवताना 'अनसेफ' असा एक झेंडा लावता येतो, त्यानं सिस्टिमच्या आतल्या कप्प्यांत जाता येतं. नमुन्यात दिसला म्हणून तो ठेवू नकोस. व्हिटाशेल अशा पॅकेजला बसवताना इशारा देतो, आणि ज्यानं हेन्काकूच्या (व्हिटा मॉड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये अनसेफ होमब्रू बंद ठेवलंय त्याच्याकडे ते चालतच नाही. गेमांची यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला इतका अधिकार का हवा, हे वापरणाऱ्याला एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो झेंडा काढ. आणि प्लगिनची (सिस्टिमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची) कॉन्फिग फाइल तुझ्या लाँचरनं कधीही आपणहून लिहायची नाही. त्यात एक ओळ चुकली की मशीन सुरू होतानाच अडकतं. माझ्या टेबलावर अशी तीन-चार आलीत. सुरू करताना एल बटण दाबून धरलं की प्लगिन लोड न होता मशीन उघडतं, मग ती ओळ काढायची. दोन मिनिटांचं काम असतं, पण तोवर माणूस घामाघूम होऊन आलेला असतो की पोराच्या वाढदिवसाचं मशीन मेलं.

आता मराठी अक्षरं. याला मी वेळ देणार, कारण बाकी सगळं तुला इंग्रजीत कुठेही सापडेल, हे सापडणार नाही.

व्हिटाटूडी अक्षरं काढायला फ्रीटाइप ही लायब्ररी वापरते. फ्रीटाइपचं काम एवढंच : एका कोडला एक आकृती. रोमनला ते पुरतं. आपल्या लिपीत मात्र ज्या क्रमानं टाईप होतं त्या क्रमानं दिसत नाही. 'डिचोली' लिहिलंस तर युनिकोडमध्ये आधी ड, मग ऱ्हस्व वेलांटी. फ्रीटाइप तसंच काढणार, म्हणजे वेलांटी ड सोडून पुढच्या च वर चढलेली. 'म्हापसा'त म चा पाय मोडून पुढे सुटा ह. 'पर्वरी'चा रफार व च्या डोक्यावर जायच्या ऐवजी पाय मोडलेला र मध्येच उभा. हा फॉन्टचा दोष नाही. फॉन्ट दहा वेळा बदललास तरी हेच होईल. मध्ये अक्षरं जुळवणारी पायरी लागते, ती हार्फबझ करते : कोडची माळ घेते, फॉन्टमधले जुळणीचे नियम लावते, आणि 'ही आकृती इथे, ती तिथे' अशी यादी देते. ती यादी मग फ्रीटाइपकडून काढून घ्यायची. व्हिटाटूडीच्या तयार टेक्स्ट फंक्शनला हे जमत नाही, ते काम तुला स्वतः लिहावं लागेल. दोनेकशे ओळींच्या आत होतं.

ते करशील तेव्हा हार्फबझला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांग. भाषा सांगितली नाहीस तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नुसतं वाचता येण्याला ते पुरेल, पण आपल्या शाळेत गिरवलेला ल तो नव्हे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते लगेच खटकतं. अर्थात फॉन्टमध्ये मराठी रूपं असायला हवीत. तपासायला मी पाच शब्दांची एक ओळ ठेवलीय : म्हापसा, डिचोली, पर्वरी, वास्को, नेवऱ्या. जोडाक्षर, ऱ्हस्व वेलांटी, रफार, आडव्या जोडणीतला अर्धा स, आणि शेवटचा तो आपला खास अर्धा र. 'नेवऱ्या' नीट उमटला की समज बहुतेक गड जिंकला. तो अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून तिकडे तपासलेल्या प्रोग्रॅमात हमखास तोच फुटतो.

इतकं नको असेल तर सोपी वाट आहे आणि पाच गेमांसाठी मी तीच घेईन. नावं लॅपटॉपवर चित्र म्हणून काढून पॅकेजमध्ये ठेवायची. लॅपटॉप जुळणी बरोबर करतोच. वापरणाऱ्यानं स्वतः घातलेली नावं यात दिसणार नाहीत, पण तुमच्या गेमांची दिसतील. पॅरॅम एसएफओतलं नाव मी रोमनमध्येच ठेवतो आणि मराठी नाव लाइव्हएरियाच्या चित्रावर.

फॉन्ट सोबत देताना त्याचा परवाना बघ. 'मुक्त' नावाचा फॉन्ट आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. परवान्याची मजकूर फाइल फॉन्टशेजारी ठेवली की झालं. काकांच्या डीटीपीच्या दुकानातला जुना श्रीलिपीचा फॉन्ट उचलून आणू नकोस. एक तर तो विकतचा, आणि जुने असले तर युनिकोड नसतात, म्हणजे अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. परवान्यावरून आठवलं, लाँचरमध्ये जीपीएलखालचा कोड घेतला असशील तर पॅकेज वाटताना सोर्सही द्यावा लागतो. आधी ठरवा, मागाहून भांडण नको.

उरलं ते बारीकसारीक. जपानी मशीनवर 'हो' म्हणायचं बटण गोल असतं, इतरत्र बहुधा फुली. सिस्टिमला विचारून घे, गृहीत धरू नकोस. आपल्याकडे दुबईहून, सिंगापूरहून आलेली, कुणाच्या बोटीवरच्या भावानं आणलेली अशी सगळ्या जातीची मशीनं आहेत. गेमांच्या फाइली शोधताना यूएक्स-झिरोबरोबर यूएमए-झिरोही बघ, कारण एसडी-टू-व्हिटा (साधं मायक्रोएसडी कार्ड बसवायचं अडॅप्टर) लावणाऱ्यांपैकी काही जण कार्ड तिथे जोडतात. कार्ड मोठं असेल तर सुरू होतानाच सगळं चाळू नकोस, आधी यादी दाखव आणि मागे चाळत राहा.

वाटण्याआधीची परीक्षा अशी घे. आधी सेव्हची नक्कल लॅपटॉपवर. मग स्वतःच्या मशीनवरचा बबल काढ, डेटा फोल्डर बाजूला कर, लिबशॅकसीजीचं नाव तात्पुरतं बदल, आणि मित्रानं दिलाय असं समजून व्हीपीके बसव. मग जुनी आवृत्ती आणि जुना सेव्ह टाकून तिच्यावर नवी बसव, सेव्ह शाबूत आहे का बघ. दोन्हींतून पार पडला तर मित्राला दे. त्याच्याकडे कोसळला तर यूएक्स-झिरोच्या डेटा फोल्डरात पीएसपी२कोअर या शब्दानं सुरू होणारी फाइल पडलेली असते. ती आणि त्याच बिल्डची ईएलएफ फाइल (लॅपटॉपवर बिल्ड होताना तयार होते ती) मिळाली की व्हिटा-पार्स-कोअर टूलनं कुठल्या फंक्शनमध्ये पडलं ते कळतं. त्यासाठी दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची ईएलएफ जपून ठेव, नव्या बिल्डची चालत नाही.

माझ्याकडे तपासायला दोन मशीनं आहेत, ओएलईडी पडद्याचं १००० मॉडेल सिस्टिम आवृत्ती ३.६० वर आणि सडपातळ २००० मॉडेल ३.६५ वर. दोन्हींवर बसवून बघायचं असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन म्हापशाला ये, १००० ची चार्जिंग केबल तुझ्याकडे असेल तर तीही आण, माझी सैल झालीय. शुक्रवार सोडून कधीही. शुक्रवारी बाजार, गाडी लावायला जागा मिळत नाही.